आठ वाक्यांची शेजारीण

"ती पांढरी गोळी द्या."

"कुठली पांढरी?"

"अहो ती, छोटी. गोल."

औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून बावीस वर्षं हे संभाषण करणाऱ्या बाईच्या कपाळावर आठ्या नसत्या तरच नवल. दुकानातल्या निम्म्या गोळ्या पांढऱ्या होत्या, छोट्या होत्या आणि गोलच होत्या. तरी ती विचारून विचारून, जुनं बिल मागून, गिऱ्हाइकाला घरी फोन लावायला लावून नेमकी गोळी शोधून काढायची. कात्रीने पट्टी कापताना मुदतीची तारीख उरलेल्या तुकड्यावर शाबूत राहील अशीच कापायची. आणि गिऱ्हाईक पाठमोरं झालं की असा सुस्कारा सोडायची की मालक म्हणत, "मॅडम, तुम्ही आहात म्हणून मी इथे पंखा बसवला नाही."

दुकानात ती मॅडम, माहेरी ताई आणि नाटकमंडळीत पुरवणी. हे शेवटचं नाव पडलं त्याला चोवीस वर्षं झाली. तिच्या पहिल्याच नाटकाच्या वेळी जाहिरातीच्या फलकावर सगळ्यांची नावं रंगवून झाली आणि शेवटी लक्षात आलं की नर्सचं काम करणारीचं नाव राहिलंच. जागा उरली नव्हती. मग कागदाच्या एका पट्टीवर तिचं नाव लिहून ती पट्टी फलकाच्या खाली चिकटवली. "परीक्षेत पुरवणी जोडतात तशी," असं कुणीतरी म्हणालं, सगळे हसले आणि नाव कायमचं चिकटलं. ती पट्टी मात्र दुसऱ्या दिवशी वाऱ्याने उडून गेली.

त्यानंतर पुरवणीताईंनी तीन नर्स केल्या, चार शेजारणी केल्या, पोस्टात तिकिटं विकणारी एक बाई केली, आणि एक आजारी सासू केली जी तिन्ही अंकांत दाराआडून फक्त खोकत होती. सासूबद्दल घरी सांगायची सोयच नव्हती. नवरा शिवणयंत्रं दुरुस्त करायचा. पुढच्या खोलीत सात-आठ उघडी यंत्रं, तेलाच्या कुप्या आणि सुट्या भागांचे डबे पसरलेले असायचे. ती आतल्या खोलीत खोकल्याचा सराव करायला लागली की तो बाहेरून ओरडायचा, "काढा करून देऊ का?" आणि वाक्यांचा सराव करायला लागली की दोन मिनिटांनी विचारायचा, "झालं तुझं? मग मशीन चालवून बघतो." झालेलंच असायचं, हेच तर दुखणं होतं.

वहिनी म्हणजे थोरल्या भावाची बायको, त्या तर जिभेला हाडच नसल्यासारख्या. "ताई, तुमचं काम नेमकं कितव्या मिनिटाला येतं तेवढं आधीच सांगून ठेवा," त्या म्हणायच्या. "मागच्या खेपेला मी पर्समधून चष्मा काढेपर्यंत तुम्ही येऊन गेलासुद्धा."

खरं सांगायचं तर पुरवणीताईंनाही मोठं काम हवं होतं. दरवर्षी नव्या नाटकाचं वाचन असलं की त्या ठेवणीतले कपडे घालून, पाठ ताठ करून पुढच्या खुर्चीवर बसायच्या. दिग्दर्शकाला सगळे मास्तर म्हणत. ते शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले होते आणि तालमी त्याच शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात चालत. मास्तर चष्म्यावरून सगळ्यांकडे बघायचे, मुख्य काम मोठ्या बाईंना द्यायचे, आणि यादीच्या तळाशी आले की म्हणायचे, "हे आपल्या पुरवणीला." ते सांगताना ते वरसुद्धा बघायचे नाहीत.

मोठ्या बाई म्हणजे मंडळाच्या कायमच्या नायिका. बँकेत अधिकारी होत्या. आवाज असा की मागच्या रांगेत पेंगणारा माणूस सावरून बसे. पण त्यांच्याबरोबर काम करणं म्हणजे जिवाला घोर. "पुरवणी, तू दारातच थांब, आत येऊ नकोस. पुरवणी, तो पेला ठेवताना आवाज होऊ दे. पुरवणी, आज तू अर्धा क्षण लवकर आलीस." अर्धा क्षण! दुकानात दिवसभर पांढऱ्या गोळ्या शोधून आलेल्या बाईला हे ऐकलं की डोक्यात तिडीक जायची. बोलायची सगळी वाक्यं स्वतःकडे ठेवून वर आमचा अर्धा क्षणही मोजायचा, असं त्या मनात म्हणायच्या. आणि दुसऱ्या दिवशी बरोबर अर्धा क्षण उशिरा जायच्या.

त्या वर्षीचं नाटक एका म्हाताऱ्या आईचं होतं. तिचा मुलगा अकरा वर्षांपूर्वी भांडून घर सोडून गेलाय. तो कधीही परत येईल म्हणून घराची एक किल्ली तिने शेजारणीकडे ठेवलीय. आता घर विकलं जातंय, आणि आई नाटकभर सामानाची बांधाबांध करते आहे. शेवटी शेजारीण येते आणि किल्ली परत देते. ती किल्ली हातात आली की आईला कळतं की आता वाट बघणं संपलं. मग ती कोसळते. शेजारणीच्या वाट्याला तीन वेळा येणं आणि सगळी मिळून आठ वाक्यं. शेजारीण अर्थातच पुरवणीताई.

प्रयोगाला सोळा दिवस असताना मोठ्या बाई बँकेच्या पायऱ्यांवरून घसरल्या. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. नाटकातली आई तर अडीच तास खोकी भरते, दोऱ्या बांधते, कपड्यांच्या घड्या घालते. एका हाताने ते होणं शक्यच नव्हतं. मास्तरांनी डोकं धरलं. सगळ्या वर्गावर नजर फिरवून शेवटी ते म्हणाले, "पुरवणी, तुला आईची वाक्यं कितपत येतात?"

पुरवणीताईंनी उभं राहून दुसरा अंक सुरुवातीपासून म्हणायला घेतला. मधे मास्तरांनी हात वर केला तरी त्या थांबल्या नाहीत. चार महिने विंगेत उभं राहून दुसऱ्यांचीच वाक्यं ऐकलेली, ती कशाला विसरतील? आपल्या स्वतःच्या वाक्यांना पाठांतर लागतच नव्हतं.

"झालं तर मग," मास्तर म्हणाले. "आई तू."

पुरवणीताईंनी टेबलाची कड घट्ट धरली. मग सवयीने त्यांच्या तोंडून निघालं, "आणि शेजारीण?"

"शेजारीण? त्यात काय आहे. आठ वाक्यं आहेत, कुणीही करेल."

मास्तरांनी काही वाईट हेतूने म्हटलं नव्हतं. ते लगेच दुसऱ्या बोलण्याला लागलेही. पण पुरवणीताई घरी पोचेपर्यंत ते एकच वाक्य चघळत होत्या. चोवीस वर्षांतलं सगळ्यात मोठं काम मिळालं होतं आणि राग कशाचा येतोय तेच कळत नव्हतं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, मग बरोबरच आहे की त्यांचं. तू करत होतीसच ना?" त्यांनी पातेलं जोरात आपटलं आणि चहा टाकला.

कुणीही करेल म्हटलं, पण कुणी मिळेना. कुणाच्या मुलीची परीक्षा, कुणाचा गुडघा. शेवटी मास्तर म्हणाले, "तुझ्या घरातलं कुणी बघ." आणि वहिनी एका पायावर तयार झाल्या. "आठच वाक्यं ना? मी जाता-येता करेन," त्या म्हणाल्या. पुरवणीताईंनी कपाळावर हात मारला, पण फोनवर ते दिसत नाही.

पहिल्या तालमीला वहिनी चाळीस मिनिटं उशिरा आल्या. दुसऱ्या तालमीला आल्या त्या मोबाइलवर बोलत आल्या, आणि बोलत बोलतच आईच्या घरात शिरल्या. तिसऱ्या तालमीला त्यांनी वाक्यं पाठ केली होती, पण आठांची अकरा झाली होती. "'बाई गं, काय हा पसारा!' हे मी घातलंय," त्या म्हणाल्या. "लोक हसतील."

"हसायचं नाहीये तिथे, वहिनी."

"मग काय, एवढ्या लांबून येऊन मी नुसती किल्ली देऊन जाऊ?"

"हो! नुसती किल्ली देऊन जा!"

"हे बघा ताई, तुम्हाला मोठं काम मिळालंय म्हणून आमच्यावर ओरडायचं कारण नाही."

पुरवणीताईंनी मास्तरांकडे बघितलं. मास्तर एका खोक्यावर बसून फूटपट्टीने पाठ खाजवत होते. "होईल गं प्रयोगापर्यंत," ते म्हणाले.

आईचं काम करताना पुरवणीताईंना रोज एक नवी अडचण कळायला लागली. पहिल्या अंकात खोकं बांधताना दोरी तोकडी पडते, ती वाढवून द्यायला शेजारणीने पुढे व्हायचं असतं. संहितेत हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. त्या स्वतः शेजारीण असताना न सांगता पुढे व्हायच्या, म्हणून कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं की हेही एक काम आहे. दुसऱ्या अंकात आई उठते तेव्हा तिची खुर्ची वाटेत येते, ती शेजारीण जाता जाता सरकवते. आता खुर्ची तिथेच राहायची आणि पुरवणीताईंची नडगी रोज त्याच कोपऱ्यावर आपटायची. वहिनींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मी सामान हलवायला आलेय की नाटकात काम करायला?"

प्रयोग रविवारी दुपारी चार वाजता होता. नाट्यगृह निम्म्याहून जास्त भरलेलं. पहिला अंक बरा गेला. दुसरा त्याहून बरा. नडगीवर पट्टी बांधून घेतली होती. तिसऱ्या अंकात मुलाच्या जुन्या शर्टाची घडी घालून आई दाराकडे बघते, की शेजारणीने यायचं. आईने दाराकडे बघितलं.

कुणी आलं नाही.

पुरवणीताईंनी शर्ट उलगडला आणि पुन्हा घडी घातली. दार रिकामंच. तिसऱ्यांदा घडी घातली. विंगेत मास्तर दोन्ही हात हवेत हलवत होते, म्हणजे नेमकं काय करा ते कळत नव्हतं. चौथ्यांदा घडी घालताना पुढच्या रांगेतला एक माणूस हळूच म्हणाला, "इस्त्री चांगली बसणार." आजूबाजूचे खुसखुसले. वहिनी तेव्हा मेकअपच्या खोलीत आरशासमोर फोटो काढून घेत होत्या.

त्या आल्या त्या धावतच. "ही तुमची किल्ली," त्या म्हणाल्या, हात पुढे केला, आणि हातात काही नव्हतं. "थांबा हं, आणते," असं म्हणून त्या परत गेल्या. नाट्यगृहात हशा पिकला. मग त्या पुन्हा आल्या आणि त्यांनी मिळाली ती किल्ली आईच्या हातावर ठेवली. ती त्यांच्या स्कूटरची होती. तिला गुलाबी रंगाचं केसाळ अस्वल लटकत होतं.

"आता माझ्याकडे ठेवून काय करू," वहिनींनी पुढचं वाक्य अगदी बरोबर म्हटलं.

ते अस्वल छातीशी धरून पुरवणीताई नाटकात सांगितलं होतं तसं रडल्या. खरोखर रडल्या, कारण इतका संताप आयुष्यात कधी आला नव्हता. लोक डोळे पुसत होते, पण ते हसून हसून. पडदा पडल्यावर वहिनी म्हणाल्या, "बघा, किती रंगलं! सगळ्यात जास्त हशा माझ्या एंट्रीला."

पुरवणीताईंनी काय उत्तर दिलं ते इथे सांगण्यासारखं नाही. एवढंच झालं की वहिनींनी तिथेच काम सोडलं, थोरल्या भावाचा फोन आला, "एवढ्याशा कामावरून घरात भांडणं कशाला?" आणि पुरवणीताईंनी आयुष्यात पहिल्यांदा थोरल्या भावाचा फोन मधेच ठेवला.

मेकअपच्या खोलीत त्या तोंडाचा रंग खरवडून काढत बसल्या होत्या, तेव्हा मोठ्या बाई आल्या. प्लास्टरचा हात गळ्यात अडकवलेला. त्या पुढच्या रांगेत बसून प्रयोग बघत होत्या.

"या, या," पुरवणीताई म्हणाल्या. "तुम्ही पण हसून घ्या."

मोठ्या बाई हसल्या नाहीत. त्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मला चपलांचा आवाज लागायचा."

"कसला आवाज?"

"तुझ्या चपलांचा. किल्ली घेऊन येताना तू दाराबाहेर एक पाऊल थबकायचीस. फट, फट, आणि मग काहीच नाही. ते 'काहीच नाही' ऐकलं की मला भरून यायचं. पुढे मी जे रडायचे ना, ज्याला तालमीतसुद्धा टाळ्या पडायच्या, ते मी कधी केलंच नाही बघ. आपोआप व्हायचं. आज तुझ्याकडे बघताना कळलं की बिचारीला ते द्यायला कुणी नाहीये."

"मग चोवीस वर्षांत एकदा तरी सांगायचंत!" पुरवणीताईंचा आवाज चढला. "नुसतं 'अर्धा क्षण लवकर आलीस' काय!"

"तेच तर सांगत होते की गं."

पुरवणीताईंना यावर आणखी राग आला, कारण ते खरं होतं. तोंडावरचा उरलेला रंग त्या आणखी जोरात खरवडायला लागल्या. मोठ्या बाई म्हणाल्या, "पुढच्या रविवारी दुसरा प्रयोग आहे. शेजारीण मी करते. किल्ली द्यायला एक हात पुरतो."

मास्तरांना ते ऐकून घामच फुटला. मंडळाची नायिका आठ वाक्यांत! लोक काय म्हणतील! "लोक अस्वलाबद्दल काय म्हणाले ते ऐकलंत ना?" मोठ्या बाईंनी विचारलं. मास्तरांनी फूटपट्टी खाली ठेवली.

आता पुढचा आठवडा सुखाचा गेला असेल असं कुणाला वाटेल, तर तसं काही झालं नाही. मोठ्या बाईंना शेजारीण जमेना. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या की महाराणी आल्यासारखं वाटायचं. "ही... तुमची... किल्ली," असं त्या म्हणायच्या, दोन शब्दांच्या मधे एखादा माणूस जेवून येईल इतका वेळ घ्यायच्या, आणि मग प्रेक्षकांकडे अर्ध्या वळायच्या.

"तुम्ही तिकडे का बघताय?" पुरवणीताईंनी विचारलं.

"सवय गं."

"शेजारीण आहात तुम्ही! घरी दूध गॅसवर ठेवून आलाय. किल्ली कधी एकदा हातावेगळी करते असं झालंय, आणि तरी द्यायचं जिवावर आलंय. आणि ती दोरी! दोरी कोण वाढवून देणार?"

"एका हाताने?"

"दातात धरा. पण द्या."

बँकेत पन्नास माणसांना कामाला लावणारी ती बाई वहीत लिहून घेत होती: दोरी, खुर्ची, पेला, दारात थबकणे. वहीचं पान भरलं तेव्हा तिने मान वर केली. "पुरवणी, हे सगळं तू करत होतीस?"

"मग कोण, भुतं करत होती?"

बुधवारी त्यांनी डावीकडे ठेवायचा पेला उजवीकडे ठेवला. गुरुवारी खुर्ची सरकवली, पण आईच्या वाटेतच. पुरवणीताईंची दुसरी नडगी काळीनिळी झाली. शुक्रवारी पुरवणीताई "आज तुम्ही अर्धा क्षण लवकर आलात" असं ओरडल्या आणि ओरडल्यावर स्वतःच जीभ चावून मटकन खोक्यावर बसल्या. मोठ्या बाईंना खोकल्याची उबळ यावी तसं हसू आलं. पुरवणीताईंना मात्र हसू आलं नाही. दोन दिवसांवर प्रयोग आला होता.

त्या रविवारी तिसऱ्या अंकात आईने शर्टाची घडी घातली आणि दाराकडे बघितलं. दाराबाहेर चपला वाजल्या, आणि थांबल्या. पुरवणीताई सांगतात की त्या थांबण्यात त्यांना मुलाचं अख्खं अकरा वर्षांचं न येणं ऐकू आलं. मोठ्या बाई आत आल्या. कुणाकडेही न बघता त्यांनी किल्ली दिली. आपली वाक्यं नेहमीच्या आवाजात, थोडी घाईनेच म्हटली, आणि जाताना आईच्या पायाशी पडलेली दोरी उचलून खोक्यावर ठेवली. हे कुणी शिकवलं नव्हतं. किल्ली हातात धरून पुरवणीताई उभ्या राहिल्या, आणि आपण आता रडणार आहोत हे त्यांना रडू फुटल्यावरच कळलं. नाट्यगृहात कुणाची खुर्चीसुद्धा करकरली नाही.

वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. त्यांत आईच्या कामाची तारीफ होती, प्रकाशयोजनेबद्दल एक वाक्य होतं, आणि शेजारणीचा उल्लेखच नव्हता. मोठ्या बाईंनी ते कात्रण दुकानात आणून काउंटरवर आपटलं. गिऱ्हाइकं बाजूला सरकली. "डोळे आहेत का या माणसाला?" त्या तणतणल्या. "सगळं नाटक ज्याच्यावर उभं आहे ते दिसत नाही?"

"तुम्हाला एका रविवारी इतका ताप झाला," पुरवणीताई पट्टी कापता कापता म्हणाल्या. "मी चोवीस वर्षं झेलतेय. बाजूला व्हा जरा, यांना पांढरी गोळी हवीय."

पुढच्या वर्षीच्या नाटकाचं वाचन त्याच चित्रकलेच्या वर्गात झालं. एका रेल्वे स्थानकावर अडकलेल्या कुटुंबाची गोष्ट. वाचन संपलं, मास्तरांनी चष्मा सरकवला आणि म्हणाले, "नायिका दोघींपैकी कुणीही करा, मला चालेल."

"मला ती हमाल बाई द्या," मोठ्या बाई म्हणाल्या. तिच्या वाट्याला पाच वाक्यं होती.

"ती मी मागणार होते," पुरवणीताई म्हणाल्या.

"तू मागच्या वेळी आई केलीस ना?"

"आणि तुम्ही चोवीस वर्षं काय केलंत?"

"माझा हात आता बरा झालाय, मी ट्रंक उचलू शकते."

"ट्रंक उचलायला येते ती फक्त दुसऱ्या अंकात! पहिल्या अंकात ती नुसती बसलेली असते, आणि तेच अवघड आहे. तुम्हाला गप्प बसता येतं का?"

मास्तरांनी दोघींकडे आळीपाळीने बघितलं. संहिता मिटली. "अहो, नायिका कोण करणार पण?" ते कळवळून म्हणाले.

दोघी हमाल बाईच्या दुसऱ्या अंकातल्या एंट्रीला ट्रंक डाव्या खांद्यावर असावी की उजव्या, यावर हातघाईवर आल्या होत्या.